मास्टर्सच्या थिसिसचे युनिव्हर्सिटीचे नियम लिहायच्या आधी बघायचे की लिहून झाल्यावर?

आधीच बघा, प्लीज! चालू वर्षाची गाईडलाईन डिपार्टमेंटकडून मागून घ्या, सिनियरची जुनी फाईल बघून फॉरमॅट करू नका, नियम बदललेले असू शकतात. मार्जिन, फॉन्ट वगैरे टेम्प्लेटमध्ये एकदा सेट केलं की झालं.

खरा घोळ संदर्भांचा होतो, म्हणून पेपर वाचला की त्याच दिवशी झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) टाका आणि कुणाचं वाक्य उतरवून घेतलं तर लगेच अवतरणचिन्ह आणि पान नंबर लिहा, नाहीतर ६ महिन्यांनी ते आपलंच वाटायला लागतं आणि मग प्लेजरिझम चेकमध्ये (दुसऱ्याचा मजकूर उचललाय का याच्या तपासणीत) अडकायला होतं. आणि हो, लोकांच्या मुलाखती घेणार असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते का ते गाईडना आत्ताच विचारा, कारण ती डेटा गोळा करायच्या आधी घ्यायची असते.