योगदर्शनाचा मनाच्या दुःखावर प्रत्यक्ष उपयोग होतो का?

योगदर्शन मनाच्या दुःखावर खरोखर उपयोगी पडते, की ते केवळ अभ्यासकांनी वाचायचे शास्त्र आहे, असे आपण विचारले आहे. उपयोगी पडते. योगदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या पतंजलींच्या चार पादांच्या (प्रकरणांच्या) योगसूत्रांत आसनावर अवघी तीन सूत्रे आहेत. क्लेशांची, म्हणजे मनाला पीडणाऱ्या दोषांची, चर्चा मात्र पुन्हा पुन्हा येते, आणि ती वगळून योग शिकवणे मला गैर वाटते.

वडिलांच्या तेराव्याला, पाहुणे अजून पंगतीत असताना, थोरल्या भावाने गावच्या घराचे हक्कसोडपत्र माझ्यापुढे ठेवले. सहीसाठी पुढे केलेले पेन वडिलांच्याच खिशातले होते. त्याच्या टोपणावर त्यांच्या दातांच्या खुणा होत्या. मी सही केली नाही. पुढची दोन वर्षे रात्री दीड-दोनला जाग येई, आणि भावाला तेव्हा काय सुनवायला हवे होते याची वाक्ये मी अंधारात जुळवीत बसे. श्वास वरच्या वर चाले, हात थरथरत. दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगाचा कंप आणि बिघडलेले श्वास-प्रश्वास हे चित्तविक्षेपाचे, म्हणजे मन विचलित होण्याचे, सोबती आहेत, हे पहिल्या पादातले, समाधिपादातले सूत्र त्या काळात वाचले, तेव्हा माझीच रात्र कोणीतरी लिहून ठेवली आहे असे वाटले.

खरा उलगडा दुसऱ्या पादातील, साधनपादातील ‘दुःखानुशयी द्वेषः’ या सूत्राने झाला. भोगलेल्या दुःखाच्या आठवणीमागून जो राग येतो तो द्वेष, असे व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रांवरची प्राचीन टीका, सांगते. पेन पुढे आले ते एकदाच. रोज रात्री ते पुन्हा पुढे करणारा मीच होतो. जाग आली की उठून बसायचे, श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडून क्षणभर थांबायचे, आणि वाक्य जुळू लागले की त्याचे फळ काय, हे स्वतःला विचारायचे, एवढेच मी करू लागलो. असे विचारण्यालाच योगसूत्रांत प्रतिपक्षभावन म्हणतात. ते म्हणजे गोड विचार करणे नव्हे. द्वेषाचे फळ दुःख आणि अज्ञान आहे, हे पाहणे होय. झोप सुधारायला चार-पाच महिने लागले.

माझी बहीण आजही म्हणते, “एवढा योग वाचतोस, मग सही करून मोकळा का होत नाहीस?” द्वेष सोडणे आणि हिस्सा सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटणीचा दावा मी दाखल केला आहे, आणि तारखेला भाऊ भेटला की त्याच्या गुडघ्याची चौकशीही करतो. आपलेही दुःख घरातल्या माणसाकडून आलेले असेल, तर क्षमेच्या नावाखाली कोणी कागद पुढे केल्यास सही करू नका.

मात्र झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांत, म्हणजे योगातील अडथळ्यांत, पहिला व्याधी आहे, आणि व्याधीला औषधच लागते. मीही पहिले काही महिने घेतले होते.