बीपीची गोळी सोडल्यावर जीव घाबरा का होतो?

बीपी आटोक्यात आलं म्हणून गोळी परस्पर बंद केली आणि मग मन थाऱ्यावर राहिलं नाही, अशी पत्रं येतच राहतात. त्यातले काही प्रश्न.

प्रश्न : अम्लोडिपिन चार दिवस चुकली. डोक्यावर परिणाम होईल का?

नाही. बीपी मात्र हळूहळू चढेल, तेव्हा आजच डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वडील दहा वर्षं मेटोप्रोलॉल घेत होते. बीपी १२०/८० आलं, त्यात कुणीतरी 'सवय लागते' म्हणालं, म्हणून गोळी बंद केली. तिसऱ्या दिवसापासून हात थरथरतात, घाम येतो, झोप नाही. 'आता काहीतरी होणार' असं सारखं म्हणतात. चिंतेची गोळी द्यावी का?

स्वतःहून मुळीच नको. १२०/८० हा आकडा गोळीमुळेच आला होता! मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल ही बीटा ब्लॉकर औषधं ॲड्रेनलिनचा, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या द्रव्याचा, मारा अडवतात. वर्षानुवर्षं तो अडला की शरीर त्याला प्रतिसाद देणाऱ्या जागा वाढवून ठेवतं. गोळी एकदम थांबली की तेवढंच ॲड्रेनलिन दुप्पट जोरात लागल्यासारखं होतं. धडधड, कापरं, घाबरेपणा हा त्याचाच खेळ. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारपणी भित्रे झाले. मग दुकानातून झोपेची गोळी येते, तिची सवय खरोखरच लागते आणि मूळ कारण झाकलं जातं. माझ्याकडे माणूस पोचतो तो असे दोन-तीन आठवडे वाया घालवून.

हृदयविकार असेल तर याच काळात झटक्याचाही धोका असतो. आजच गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. बहुधा ती पुन्हा सुरू करून मग एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करतात. छातीत दुखलं किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला तर फोनही नको, थेट रुग्णालय. क्लोनिडीन ही बीपीचीच दुसरी गोळी घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. ती एकदम सोडली तर एक-दोन दिवसांतच बीपी उसळतं आणि सोबत प्रचंड बेचैनी येते.

प्रश्न : प्रोप्रानोलॉलने भयानक स्वप्नं पडतात. सोडू का?

तक्रार खरी आहे. हे औषध मेंदूत सहज शिरतं. अटेनोलॉल त्या मानाने कमी शिरतं. बदल करता येतो, पण तो डॉक्टरांनी करायचा.

प्रश्न : एका जाहिरातीतल्या चूर्णाने बीपीच्या सगळ्या गोळ्या सुटतात म्हणे?

जाहिरात देणारा रात्री दोन वाजता तुमच्या उशाशी बसणार आहे का? नका घेऊ.

प्रश्न : बहीण लिथियम (उन्माद-नैराश्याच्या आजारावरचं औषध) घेते. बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी बंद केल्यापासून ती फार बोलते, झोपत नाही. संबंध असेल?

असू शकतो. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातल्या गोळीमुळे रक्तातलं लिथियम वाढतं; त्या हिशेबाने डोस बसवलेला असेल तर गोळी थांबताच पातळी खाली येते आणि उन्माद डोकं वर काढतो. उद्याच रक्तातली लिथियमची पातळी तपासा आणि अहवाल तिच्या दोन्ही डॉक्टरांना दाखवा. डोस घरी वाढवू नका, लिथियम जास्त झालं तर विषारी ठरतं.