विनोदी हेरकथेत खराखुरा नट पात्र म्हणून घेता येतो का? की कोर्टाची नोटीस येईल?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. नागपुरात घडणाऱ्या विनोदी हेरकथेत एक खरा नट आणि एक खरा क्रिकेटपटू घ्यायचा आहे, तर ते जमेल का, आणि कायद्याचं काय? मी नागपूरचाच आहे, दिवाळी अंकांत विनोदी कथा लिहितो, रहस्यकथांचा जुना गिऱ्हाईक आहे. वकील नाही, हे आधीच सांगतो.

जमेल. पण हेराचं सगळं भांडवल म्हणजे त्याला कोणी ओळखत नाही, आणि तुम्ही नेमका असा माणूस घेताय ज्याला स्टेशनवरचा हमालही लांबून ओळखेल. विनोद इथंच आहे, तो दुसरीकडे शोधू नका. अशा बहुतेक हौशी कथांत नटाचं नाव येतं, त्याचे दोन गाजलेले डायलॉग येतात आणि पुढे तो कुठल्याही हिरोसारखा मारामाऱ्या करत सुटतो. नाव खोडून तिथं 'राजेश' लिहिलं तरी कथेचं काही बिघडत नाही. मग नट हवाच कशाला?

नटाशिवाय चालतच नाही अशा कथेचं चांगलं उदाहरण म्हणजे 2022 चा इंग्रजी चित्रपट 'द अनबेअरेबल वेट ऑफ मॅसिव्ह टॅलेंट'. हॉलिवूडचा नट निकोलस केज त्यात निक केज नावाच्या नटाचं काम करतो. मनासारख्या भूमिका मिळत नाहीत, डोक्यावर कर्ज, म्हणून दहा लाख डॉलर घेऊन तो मायोर्का बेटावर एका श्रीमंत चाहत्याच्या वाढदिवसाला जातो. हा चाहता शस्त्रांचा तस्कर असल्याचा सीआयएला संशय, म्हणून ते केजलाच हेर करतात. तो केज आहे म्हणूनच त्याला त्या घरात प्रवेश मिळतो. नट काढला की गोष्टच उरत नाही.

हे अतिरंजित वाटत असेल तर जोसेफिन बेकर आठवा. पॅरिस गाजवणारी ही नर्तकी आणि गायिका दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच हेरखात्यासाठी काम करत होती. दौऱ्याच्या निमित्तानं सीमा ओलांडायची, आणि गुप्त मजकूर गाण्यांच्या नोटेशनच्या कागदांवर अदृश्य शाईनं लिहिलेला! एवढ्या मोठ्या बाईची झडती कोण घेणार? 2021 मध्ये फ्रान्सनं तिला पँथिऑनमध्ये, म्हणजे देशातल्या थोरांच्या स्मारकात, स्थान दिलं. म्हणजे प्रसिद्धी ही हेराची अडचणही असते आणि त्याचं सोंगही. दोन्ही वापरा.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात इंग्रजी कॉमिक्समध्ये अमिताभ बच्चन 'सुप्रीमो' नावाचे सुपरहिरो झाले होते आणि सुनील गावसकर गुप्तहेर. पण ती पोरांसाठी होती, टिंगलीला वाव नव्हता. स्वतःची टिंगल कशी करावी हे पाहायचं तर 'एके व्हर्सेस एके' हा चित्रपट बघा. हेरकथा नाही ती, पण अनिल कपूर आणि अनुराग कश्यप स्वतःच्याच नावानं एकमेकांची लाज काढतात. अर्थात ते दोघं स्वखुशीनं त्यात होते. तुम्ही कुणाला विचारणार नाही, म्हणून कोर्टाचा मुद्दा.

तुमच्या कथेच्या सर्वांत जवळचा खटला रजनीकांत यांचा. 'मैं हूं रजनीकांत' नावाचा एक हिंदी विनोदी चित्रपट येणार होता, त्यात भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट होती. रजनीकांत मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि 2015 मध्ये न्यायालयानं त्यांचं नाव, छबी, लकबी वापरायला मनाई केली. चित्रपट नाव बदलून आला. दुसऱ्या बाजूला, दिल्ली उच्च न्यायालयानं 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या नावाला, आवाजाला, अगदी त्यांच्या 'झकास'लाही संरक्षण दिलं, पण खऱ्याखुऱ्या उपहासाला आणि विडंबनाला जागा आहे असंही म्हटलं. 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या प्रकरणात एका यूट्यूबरचा व्हिडिओ लगेच उतरवायला त्याच न्यायालयानं नकार दिला. मी यातून एवढंच घेतो की कुणाच्या चेहऱ्यावर माल विकणं वेगळं आणि त्याची थट्टा करणं वेगळं. मात्र नटाचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत टाकलंत, तर तुम्हीही मालच विकताय.

थोर माणसं मात्र यात आणूच नका. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालता येणार नाही, असं न्यायालयानं 2015 मध्ये सांगितलं.

माझा सल्ला असा की नाव बदला, चाल-ढाल ठेवा. वाचक खुळा नाही, ओळखतो. आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतले बडग्ये, म्हणजे थट्टेचे पुतळे, बघा ना. काळी मारबत 1881 पासून निघते, आणि तिच्याबरोबरच्या बडग्यांत दरवर्षी कुणा ना कुणा बड्या माणसाची फजिती असते. भाववाढ, भ्रष्टाचार, दिलेली आश्वासनं, सगळं निघतं. घरच्या बायकापोरांवर कोणी जात नाही. कथेतही चेष्टा चारचौघांतल्या वागण्याची करा.

क्रिकेटपटू काढून टाका. दोन प्रसिद्ध माणसं एका कथेत एकमेकांची गंमत खातात.

काळ मात्र हिवाळी अधिवेशनाचा घ्या. डिसेंबरात अर्धी मुंबई इथं उतरते, हॉटेलं भरलेली, चौकाचौकात पोलीस, अनोळखी माणूस दिसला तरी कुणाला नवल नाही. अंबाझरीला आयुध निर्माणी आहेच, त्यामुळे परदेशी हेरानं नागपूरला का यावं याचं कारणही तयार. आता तुमचा हिरो टोपी, मास्क, गॉगल लावून पहाटे तर्री पोह्यांच्या ठेल्यावर उभा आहे, निरोप्याची वाट बघत. ठेलेवाला मान वर न करता विचारतो, "तर्री जास्त टाकू का भाऊ? मागच्या पिक्चरमध्ये बहुत रडले बाप्पा तुम्ही." झालं, मोहीम संपली.

खलनायक पूर्ण काल्पनिक हवा. खऱ्या माणसाला देशद्रोही ठरवलंत तर भारतीय न्याय संहितेचं बदनामीचं कलम 356 आहे, आणि उपरोधानं केलेली बदनामीही त्यात येऊ शकते. बुटीबोरीत कारखाना असलेला, कुणीच ओळखत नसलेला एखादा शेठ घ्या. सीताबर्डीच्या गर्दीत तो सहज नाहीसा होतो, आणि मागे धावणाऱ्या हिरोला प्रत्येक दुकानापुढे थांबून सेल्फी द्यावी लागते. पाठलागाचं अख्खं प्रकरण त्यातून निघेल.