तक्ता कोरा येतो, कारण आपला प्रश्नच चुकतो

एमए झालं, चार वीकेंडांचा सीबीटीचा (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराचा) कोर्स केला, सर्टिफिकेट लावलं, आणि क्लायंट विचारांचा तक्ता (प्रसंग, तेव्हाचा विचार आणि भावना घरी लिहून आणायचा कागद) दर आठवड्याला कोरा आणतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. 2016 साली मी हुबेहूब इथेच होते.

या पद्धतीचे जनक बेक आणि एलिस, विचार-भावना-वर्तन यांची साखळी, हे तुम्हाला येतंच, ते सोडते. माझी घोडचूक ही की कोर्सनंतर दोन वर्षं मी एकही सत्र रेकॉर्ड करून कुणाला ऐकवलं नाही. फीमध्ये 'दहा तास सुपरव्हिजन', म्हणजे अनुभवी व्यक्तीनं आपलं काम ऐकून मार्गदर्शन करणं, धरलेलं होतं. संस्थेच्या ऑफिसात (नाव घेत नाही) फोन केला की 'मॅडम, पुढच्या बॅचबरोबर घेऊ', मग 'सर बाहेरगावी आहेत', शेवटी 'तुमची पावती जुनी झाली'. पावती शिळी होते का हो? असो. मी भांडले नाही. खरं सांगायचं तर मनातून सुटल्यासारखंच वाटलं, कारण आपलं काम कुणीतरी ऐकणार म्हटलं की घाम फुटायचा. पैशांपेक्षा ते महागात पडलं.

शेवटी पदरचे पैसे मोजून एका ज्येष्ठ बाईंना रेकॉर्डिंग ऐकवलं. चौथ्या मिनिटालाच त्यांनी थांबवलं. मी विचारत होते, "साहेब ओरडले तेव्हा काय वाटलं?" "वाईट वाटलं." "आणि विचार काय होता?" "हाच की, वाईट वाटलं." बाई म्हणाल्या, "अगं, मराठीत भीतीही वाटते आणि आपली नोकरी जाणार असंही वाटतं. त्यानं कुठला रकाना भरायचा?" कोर्समधला भाषांतरित तक्ता काढून बघितला, तर दोन्ही रकान्यांवर 'काय वाटलं'! तेव्हापासून विचारासाठी मी "त्या क्षणी मनात काय आलं?" असं विचारते आणि भावनेला सरळ नावं पुढे करते: राग, भीती, लाज. पहिला तक्ता सत्रातच, क्लायंटच्या शब्दांत, मीच भरते. घरचा तक्ता त्यानंतर.

बाईंनी सीटीआरएसवर, म्हणजे सीबीटीचं सत्र कसं झालं हे मोजायच्या मोजपट्टीवर, गुणही दिले. त्यात 11 बाबी, प्रत्येकी 0 ते 6, एकूण 66. साधारण 40 मिळाले तर काम जमतंय असं धरतात. मला 23. अजेंडा ठरवलाच नव्हता आणि गृहपाठ क्लायंट चपला घालत असताना दिला होता.

म्हणून माझं मत (मतच हं, नियम नव्हे): दुसरा कोर्स लावू नका. लावायचाच तर आधी विचारा, माझी सत्रं कोण ऐकणार, किती, आणि कुठल्या मोजपट्टीवर? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे पाकिटातच ठेवा. ऑनलाइन सुपरव्हिजनही चालते, पण मराठी कळणारी व्यक्ती शोधा. आरईबीटीसाठी (एलिस यांच्या उपचारपद्धतीसाठी) मराठीत शब्द आधीच घडलेले आहेत, ती पद्धत मराठीत मांडणारे कि. मो. फडके यांचं काम बघा. उगाच इंग्रजीतून नवे पाडू नका.

मी समुपदेशक आहे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही. असल्या सर्टिफिकेटनं तसं होताही येत नाही, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणारा क्लायंट असेल तर तक्ता बाजूला ठेवा आणि सुपरव्हायझर, मानसोपचारतज्ज्ञ यांना त्याच दिवशी गाठा.

रेकॉर्डिंगची संमती लेखी घ्या, ऐकवून झालं की पुसून टाका. आणि फोन पंख्याखाली ठेवू नका. माझी पहिली दोन सत्रं नुसती घरघर होती.