एचआरने राजीनामा लिहून घेतला, ग्रॅच्युइटीही अडकवली, वकील करावा का?

तुमचं सगळं वाचलं. चाकणच्या कंपनीत सहा वर्षं, केबिनमध्ये बसवून राजीनामा लिहून घेतला, आता नोटीस पिरियड भरला नाही म्हणून ग्रॅच्युइटी देत नाहीत आणि घरचे म्हणतायत वकील कर. मी बरीच वर्षं युनियनचं काम बघतोय म्हणून सांगतो, ही दोन वेगळी भांडणं आहेत, एकत्र करू नका.

ग्रॅच्युइटीसाठी आत्ता वकिलाला पैसे देऊ नका. पाच वर्षं सलग भरली की तो हक्क आहे, राजीनामा दिला असला तरी. महिन्याचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं, म्हणजे 26,000 धरले तर सहा वर्षांचे 90,000 होतात. 30 दिवसांत द्यायला लागतात, उशीर झाला तर व्याजासकट, आणि नोटीस पिरियडचं कारण सांगून अडवताच येत नाहीत. कंपनीला लेखी अर्ज द्या, कॉपीवर तारखेसकट पोच घ्या. नाहीच दिले तर ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज, तो स्वतःचा स्वतः चालवणारे कामगार मी पाहिलेत.

राजीनाम्याचं मात्र तसं नाही, तिथे लेबरचं काम करणाऱ्या वकिलाकडे एकदा तरी जाऊन बसाच, अख्खी केस द्यायची की नाही ते नंतर बघू. कारण सगळं यावर अडतं की तुम्ही कायद्याने कामगार आहात का, आणि ते कार्डावरच्या पदावर नाही तर रोज नेमकं काय काम करता त्यावर ठरतं, कितीतरी ‘असिस्टंट मॅनेजर’ प्रत्यक्षात मशीनवर असतात. कामगार ठरलात तर परत कामावर घेणं, मागचा पगार हे मागता येतं. खरेच मॅनेजर असाल तर सिव्हिल कोर्ट, आणि तिथे बहुतेक वेळा नोटीस पगाराच्या पुढे फार काही हाती लागत नाही, मग वकिलाची फी वजा करून काय उरतं ते आधी मांडून बघा. नवे लेबर कोड (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले कायदे) 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेत, तुमच्या तारखेला कुठला नियम आणि किती मुदत तेही त्या वकिलालाच विचारा.

अजून एक, कामगार आयुक्तांकडे समेटाची बोलणी होतात तिथे वकिलाला तुमच्या वतीने उभं राहता येत नाही, युनियनचा माणूस चालतो. मिळालेल्या रकमेतले टक्के मागणारा वकील दिसला तर उठून या, वकिलांना तशी फी घ्यायला मनाई आहे. पैशाचीच अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही महिलेला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न न बघता.

पण त्याआधी आजच पर्सनल ईमेलवरून कंपनीला कळवा की राजीनामा दबावाखाली घेतला, कोणत्या तारखेला, खोलीत कोण कोण होतं. जितके दिवस गप्प राहाल तितकं तुमचं म्हणणं कमकुवत होत जातं. आणि फुल अँड फायनलच्या (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या) कागदावर तळाशी ‘कंपनीकडे माझी कोणतीही बाकी किंवा तक्रार नाही’ असं वाक्य असतं, त्यावर सही करू नका, एचआरने कितीही घाई केली तरी. नेमणूक पत्र आणि पगाराच्या स्लिपा काढून ठेवा. तुमचं रोजचं काम काय होतं आणि बेसिक किती ते सांगा, मग पुढचं बघू.