उकळी फुटल्यावर गॅस मोठा की बारीक?

प्रश्न : सासूबाई तुरीची डाळ पातेल्यात शिजवतात. उकळी फुटली की गॅस बारीक करतात आणि वर पाण्याची ताटली ठेवतात. मोठ्या आचेवर डाळ लवकर शिजेल असं मला वाटतं. बरोबर कोण? – एक वाचक, कराड

उत्तर : सासूबाई. (हे त्यांना वाचून दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.)

तीस वर्षं वर्गात भौतिकशास्त्र शिकवलं, पण हा हिशोब मी निवृत्तीनंतर आमच्या ओट्यावर मांडला. साताऱ्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. एक लिटर पाणी उकळत ठेवून गॅस मोठा केला, बारीक केला; थर्मामीटरचा पारा जागचा हलेना. वजनकाट्यावर मात्र फरक दिसला. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत जवळजवळ ४०० ग्रॅम पाणी उडालं, बारीक आचेवर जेमतेम ७०.

डाळ शिजते ती पाण्याच्या तापमानावर, आणि ते तर तेवढंच राहिलं. जादा उष्णता वाफेबरोबर खिडकीतून गेली. एक ग्रॅम पाणी माठातून काढून उकळीला आणायला ७० कॅलरी पुरतात, पण त्याची वाफ करायला ५४० लागतात. पुस्तकातला ‘अप्रकट उष्मा’ तो हाच. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, तेही यातच आलं: वाफ कातडीवर पाणी होताना या ५४० तिथेच सोडते.

आता ती ताटली. वाफ तिच्या गार बुडाला लागून पुन्हा पाणी होते आणि पातेल्यात ठिबकते. सुटलेली उष्णता ताटलीतल्या पाण्याला मिळते. डाळ आटली की सासूबाई तेच कढत पाणी आत ओतत असतील. नळाचं ओतलं तर उकळी मोडते. आमची आई भाजीवरही अशीच ताटली ठेवायची, आणि मी बी.एस्सी. होऊनही ती नुसती पद्धत समजत होतो.

तुमच्या बाजूनेही थोडं: उकळी येईपर्यंत गॅस मोठा ठेवायला हरकत नाही, फक्त ज्योत बुडाबाहेर येऊ देऊ नका. खरोखर लवकर हवं असेल तर कुकर लावा. दाबामुळे आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. शिट्टी झाल्यावर तिथेही बारीकच. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ लाच उकळतं, तिथे राहणाऱ्या माझ्या मेहुणीने पातेल्यातल्या डाळीचा नाद कधीच सोडला.