बायकोचा नंबर आठवेना!

प्रश्न : परवा फोन बंद पडला आणि बायकोचा नंबर काही केल्या आठवेना. मुलगा म्हणतो, "बाबा, लक्षात ठेवायचं काम आता यंत्राचं." त्याचं बरोबर आहे का?

उत्तर : अर्धं. लिहिण्याने स्मरणशक्ती गंजेल, अशी कुरकुर ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसचीही होती. (आपल्याला ती कळली त्याच्या शिष्याने, प्लेटोने, लिहून ठेवली म्हणून!) रस्ते लक्षात ठेवण्याचं मात्र वेगळं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा (आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. हजारो रस्ते डोक्यात ठेवल्याचा तो परिणाम मानतात. आणि मी? चारदा गेलेल्या घरी पाचव्यांदा निघालो, फोनमधल्या बाईंनी "उजवीकडे वळा" म्हटलं, वळलो थेट कुणाच्या तरी फाटकात! बायकोचा नंबर तेवढा पाठ कराच. मुलाला तुमचा येतो का, तेही विचारा.